चूलबंद आवतन

आमच्या इकडे जेवणाचं आवतन दोन तऱ्हेचं. एक घरटी एका माणसाला, दुसरं चूलबंद. म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही, लेकराबाळांसकट सारे पंगतीला. हा फरक शेंबड्या पोरालाही कळतो. गूगल कॅलेंडरलाही कळतो, हे समजायला मला तीन गुरुवार लागले.

यवतमाळ जिल्ह्यातली आमची शेतकरी उत्पादक कंपनी. माल कापूस आणि तूर. कायद्याने संचालक ५ ते १५ चालतात. आमचे ८ होते, पोळ्यानंतर ११ झाले. दर गुरुवारी संध्याकाळी ७ ची ऑनलाइन बैठक मृगापासून कॅलेंडरात लावलेली. तिच्यात नव्या तिघांना घालायचं, एवढंच काम. ते माझ्याकडे, कारण माझ्या मोबाइलची काच शाबूत आहे.

तिघांपैकी एक माझे मामाजी, म्हणजे बायकोचे वडील. त्यांचा ईमेल मोबाइल दुकानातल्या पोराने काढून दिलेला. पासवर्ड अजून त्यालाच पाठ.

गच्चीवर टाकीला टेकून उभं राहिलं की दोन काड्या रेंज येते. पत्ता टाकला, सेव्ह दाबलं, तर प्रश्न आला: फक्त ही बैठक, ही आणि पुढच्या, की सगळ्या? मी भीतभीत पहिलं निवडलं. गुरुवारी मामाजी नवा दुपट्टा टाकून हजर. पुढच्या गुरुवारी त्यांना बोलावणंच गेलं नाही.

"काहून जी जवाईबापू, एकाच पंगतीचं आवतन होतं काय?"

बायको दोन दिवस माझ्याशी फक्त पोरांमार्फत बोलली.

मग मधलं निवडलं. त्याने तर वाटणीच केली! भावाभावांत धुरा, म्हणजे शेताचा बांध, पडावा तशी जुनी मालिका अलीकडे संपली, नवी पलीकडे सुरू. मामाजींना नेमका पाहायचा होता जिनिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढण्याचा, हिशेब, आणि तो जुन्या बैठकीला चिकटवलेला. धुऱ्याच्या अलीकडचा.

शेवटी जुन्या मालिकेत जाऊन 'सगळ्या' दाबलं. चूलबंद! मृगापासूनचे गुरुवार मामाजींच्या मोबाइलवर भराभरा उगवले आणि प्रत्येकाखाली प्रश्न: येणार का? नोटा मोजताना लावतात तसं बोटाला थुंकी लावून त्यांनी सगळीकडे 'हो' दाबलं.

रात्री फोन आला.

"जवाईबापू, मांगच्या १५ बैठकांले मी हो म्हणलो. त्याचा भत्ता कधी काढता?"