मनगटावरचे ऐंशी टक्के

आमच्या घरात बॅटरी चार्ज करण्याचे दोन पंथ आहेत. एक बाबांचा. बॅटरी पार मान टाकेपर्यंत वापरायची, मग रात्रभर लावून शंभरावर न्यायची, आणि वस्तू नवी असेल तर पहिल्यांदा सलग आठ तास तिला कुणी हात लावायचा नाही. दुसरा पंथ भाच्याचा. तो फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो, कॉलेज सुटलं की आमच्या फोंड्याच्या घरी जेवायला येतो आणि जेवणाच्या बदल्यात ज्ञान देऊन जातो. त्याचं म्हणणं, विसाच्या खाली जाऊ द्यायचं नाही, ऐंशीच्या वर चढू द्यायचं नाही. या दोघांच्या मधे माझं मनगट आहे, आणि मनगटावर फिटनेस बँड.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून बँड घेतला. चालणं राहिलं बाजूला, दहावीच्या निकालानंतर टक्क्यांचा एवढा घोर मी पहिल्यांदाच लावून घेतला आहे.

बाबांना सरळ चूक म्हणायची सोय नाही, कारण एके काळी ते बरोबर होते. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीला खरंच खोड होती. रोज अर्ध्यावरूनच चार्जिंगला लावली की तिला तेवढ्याचीच सवय व्हायची आणि पुढे ती अर्ध्यावरच दम सोडायची. अधूनमधून तिला पूर्ण उपाशी ठेवावं लागे. मग १९९१ साली सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि शास्त्र बदललं. बाबा बदलले नाहीत. लिथियमला ती खोड नाही, तिचं दुखणं निराळं. काठोकाठ भरली की सेलवर साधारण ४.२ व्होल्टचा ताण येतो, आणि त्या ताणात फार वेळ राहिली की आतली रसायनं हळूहळू नासत जातात. पार रिकामी पडून राहिली तरी नासतात. मधल्या मधे मात्र खुशाल असते.

हे पटवायला भाच्याने थेट २०१९चा रसायनशास्त्राचा नोबेल काढला. जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना याच बॅटरीसाठी मिळाला, गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते आणि पुढे शंभरी ओलांडून २०२३ साली गेले, असं सगळं तो शीत-कडी कालवत सांगत होता. बाबांनी त्यातून हवं तेवढंच उचललं. “माणूस शंभर वर्षं चालला आणि त्याची बॅटरी तीन वर्षं चालत नाही? म्हणजे तुम्ही ती पोटभर भरत नाही.”

बाबांची मुख्य हरकत हिशेबाची होती. सोसायटीची वह्या-खाती लिहून निवृत्त झालेला माणूस. दिवसातून दोनदा लावलं म्हणजे आयुष्यातून दोन वजा, हे त्यांचं गणित. भाचा म्हणाला, “आजोबा, तसं नाही. वीस टक्के पाचदा घातले की मिळून एक चक्र.” अशी काहीशे चक्रं झाली की बॅटरीची भूक कमी होते, पण थोडं थोडं घातल्याने चक्रं वाढत नाहीत. बाबा गप्प झाले. पैसे हप्त्याने भरले म्हणून कर्ज वाढत नाही, हे त्यांना कोण शिकवणार?

सिद्धांत मान्य झाला, पण ऐंशीवर थांबवायचं कुणी? हल्ली बऱ्याच फोनना आपण होऊन ऐंशीवर थांबता येतं. माझ्या बँडला एवढी समज नाही. तो शंभरापर्यंत धावतो, आणि धावतोही विचित्र. रायबंदरच्या फेरीबोटीत पहिल्या गाड्या भराभर चढतात आणि शेवटची स्कूटर कुठल्या फटीत घालायची यावर खलाशी, स्कूटरवाला आणि दोन पाद्री चर्चा करत राहतात, तसे शेवटचे वीस टक्के. पहिले ऐंशी मात्र झटकन होतात. भाजी परतून येईपर्यंत एक्क्याण्णव.

शेवटी मी आंघोळ हा उपाय शोधला. बादलीत पाणी सोडायच्या आधी बँड काढून चार्जरवर ठेवायचा, अंग पुसून झालं की परत घालायचा. रोज थोडं थोडं पडतं, आणि रात्रभर लावून ठेवायची गरज राहत नाही. उपाय म्हणून उत्तम. मे महिन्यात तर गोव्यात माणूस तीन-तीनदा आंघोळ करतो, म्हणजे बँडची चंगळ. मग आंघोळ टक्क्यांप्रमाणे लांबायला लागली. “अहो, आत काय मळ चढला आहे का?” असं बायको दारावर थापा मारून विचारते, आणि आतून मी “किती झाले बघ गं जरा!” असं ओरडतो. शेजाऱ्यांना यातून काय बोध होत असेल, देव जाणे.

चार्जर कुठे ठेवायचा, हा आणखी एक गुंता. लिथियमचा खरा वैरी उष्णता. आणि आमच्या घरी उन्हाळ्यात फ्रिजचा माथा गरम, टीव्हीखालचा डबा गरम, खिडकीचा कट्टा तर पापड वाळवायचा. उन्हात लावलेल्या गाडीत चार्ज करणं म्हणजे बॅटरीचा खूनच. सगळ्या घरात थंड जागा एकच, देवघर. तिथे माळेच्या दिव्यांसाठी प्लगही आहे. सकाळी, समई लागायच्या आत, बँड देवांच्या शेजारी बसतो. आईला आधी हे रुचलं नाही. पण दसऱ्याला कोयता, आडोळी (आमच्याकडची विळी) आणि शिलाई मशीन यांच्या रांगेत तिने त्यालाही हळद-कुंकू वाहिलं. नेमकं मागच्या बाजूला, चार्जरला टेकणाऱ्या त्या दोन सोनेरी टिकल्यांवर.

त्या टिकल्या हाच बँडचा नाजूक भाग. मनगटाचा घाम, त्यातलं मीठ आणि वर आपली दमट हवा, यांनी तिथे पुटं चढतात आणि मग बँड चार्जरवर नुसता बसून राहतो, पोटात काही जात नाही. ओलसर असताना लावला तर धातू गंजतोही. पावसाळ्यात तर आमच्याकडे बनियनही चार दिवस वाळत नाही, तिथे बँड कोरडा करूनच लावा म्हणणं म्हणजे थट्टा आहे. तरी मी मऊ फडक्याने पुसतो. शेजारच्या काकांनी हा सोहळा पाहिला आणि सल्ला दिला, “फेणी लाय रे मातशी! कांय जावना!” भाच्याने समजावलं की पुसायला जास्त तीव्रतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, फेणीत निम्म्याहून जास्त पाणीच असतं. काकांना हा फेणीचा अपमान वाटला. बाटली आणलीच होती, ती परत कशी न्यायची, म्हणून बाल्कांवात बसून त्यांनी ती दुसऱ्या कामी लावली.

मुळात चार्ज कमी करावा लागावा म्हणून पडदा सतत पेटता ठेवायचा नाही, रात्रीचं ऑक्सिजन मोजणं बंद, ग्रुपचे निरोप बंद, असं सगळं केलं. हात उचलला की उजळणं तेवढं राहून गेलं. चवथीला घुमट, म्हणजे आमचं मडक्याचं वाद्य, घेऊन आरतीला बसलो. प्रत्येक थापेला मनगटावर वीज चमकायला लागली. ‘सुखकर्ता’पासून मंत्रपुष्पांजलीपर्यंत बसल्या जागी शेकडो पावलं जमा झाली आणि बॅटरी विसाच्या खाली. डॉक्टरांना तो आलेख दाखवला. ते म्हणाले, चतुर्थीला तुमची प्रकृती फार छान असते.

बायकोचाही एक बँड होता, भेट आलेला. तिने तो कपाटात कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्यांत जपून ठेवला, शून्यावर. लिथियमला ठेवणीत टाकायचं तर साधारण निम्मं भरून टाकावं. आता तो कुठल्याच चार्जरला ओळख देत नाही.

एक अडचण मात्र भाच्याच्या शास्त्रातही सुटलेली नाही. बँड चार्जरवर असतो तेवढा वेळ पावलं मोजली जात नाहीत, आणि न मोजलेलं पाऊल टाकायला माझं मन घेत नाही. परवा बँड त्र्याहत्तरवर होता आणि गेटाबाहेर पोदेराचा भोंगा वाजला. आई म्हणाली, “जा रे, पाव घेऊन ये.” मी म्हटलं, सात टक्के थांब. पोदेर काही थांबत नसतो. बायकोने कणीक मळते हात पुसले, पिशवी उचलली आणि म्हणाली, “राहू दे, मी जाते. माझी चालही कुणी मोजत नाही आणि टक्केही.”