गैरसमज माझाच कसा?

ऑनलाइन मागवलेलं टेबल आलं. वर्णनात ‘अस्सल लाकडी’ लिहिलेलं, खोक्यातून निघाला दाबलेला भुसा आणि त्यावर चिकटवलेला लाकडाचा फोटो. एका कोपऱ्यात तो कागद आधीच सुटला होता, म्हणजे लाकडाला चक्क पापुद्रा! हेल्पलाइनवरची मुलगी अतिशय गोड आवाजात म्हणाली, “सर, तुमचा गैरसमज झालाय. लाकडी म्हणजे लाकडी लुक.”

लिहिलं त्यांनी चुकीचं आणि समज बिघडली माझी.

हे सगळं स्पीकरवर चाललेलं, आणि शेजारचे काका, जे फक्त स्क्रूड्रायव्हर परत द्यायला आले होते, ते ऐकता ऐकता त्या खोक्यावरच ठाण मांडून बसले.

“तू उगाच डोक्यात राख घालून घेतोस. मला सांग, शहामृगात मृग कुठंय?”

“कुठेच नाही.”

“देवमासा मासा असतो?”

“नाही, सस्तन प्राणी.”

“खवल्या मांजर मांजर असतं? पाणघोडा घोडा असतो? विमानातला ब्लॅक बॉक्स कुठल्या रंगाचा?”

“नारिंगी,” मी म्हटलं. ढिगाऱ्यात चटकन सापडावा म्हणून, हेही मला माहीत होतं, पण काकांना मधे बोललेलं चालत नाही.

“आणि लहानपणी शिसपेन्सिली चावून चावून संपवल्यास, त्यात शिसं असतं का? ग्राफाइट असतं आणि माती! तेव्हा केला होतास हेल्पलाइनला फोन?”

“काका, शहामृगाचे पैसे मी भरले नव्हते.”

“ऑक्टोबर म्हणजे आठवा, येतो दहावा. इंग्लंड-फ्रान्सचं ते शंभर वर्षांचं युद्ध 1337 ते 1453, कर हिशोब. एकशे सोळा! कुणी रिफंड मागितला?” खोका करकरला. काका जरा सरकून पुन्हा बसले. “आहे ते बघायचं सोडून शहामृगासारखं वाळूत डोकं खुपसू नकोस.”

आता मात्र मला राहवेना. म्हटलं, काका, शहामृग वाळूत डोकं खुपसत नाही. त्याचं घरटं म्हणजे जमिनीतला खड्डा, त्यातली अंडी चोचीने उलटीपालटी करायला तो मान खाली घालतो, लांबून डोकं पुरल्यासारखं दिसतं, आणि संकट आलं तर ताशी 70 किलोमीटरच्या आसपास पळतो.

काकांनी माझ्याकडे अपार करुणेने पाहिलं. “हा तुझा गैरसमज आहे,” म्हणाले, आणि उठले. स्क्रूड्रायव्हर घेऊन गेले, तोही माझाच.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. ऐकणाऱ्याच्या चुकीसाठी आपल्याकडे शब्दांची रेलचेल आहे बघा: गैरसमज, भ्रम, भ्रांती, गल्लत, गफलत. पतंजलींनी योगसूत्रांत ‘विपर्यय’ म्हणजे मिथ्याज्ञान अशी व्याख्याही करून ठेवलीय. सांगणाऱ्याच्या चुकीसाठी काय आहे? ‘दिशाभूल’ म्हणावं तर मुद्दाम केली हे सिद्ध करा. ‘अतिशयोक्ती’ म्हणावं तर तो अलंकार! म्हणजे त्यांच्या अंगावर दागिना आणि माझ्या नावावर दोष. राहता राहिलं ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’. ते अगदी चपखल आहे, पण तक्रारीच्या चौकटीत मावत नाही. टाकून बघितलं, ‘कथ’पाशी अक्षरं संपली.

वेदान्तात दोरीवर सापाचा भास होतो, तिथे चूक बघणाऱ्याची, मान्य. पण त्या दोरीने ‘अस्सल साप’ म्हणून पाच फोटोंसकट जाहिरात दिली नव्हती ना! आणि ती आख्यायिका आहे ना, 1773 ची, नारायणराव पेशव्यांच्या खुनाची, ‘धरावे’चं ‘मारावे’ करणारी, ती खरी-खोटी काहीही असो, तिच्यातसुद्धा ‘ध’चा ‘मा’ करणारीला बोल लावतात. वाचणाऱ्या गारद्यांचा गैरसमज झाला असं कुणी म्हणत नाही. एवढी अक्कल आख्यायिकेला आहे, हेल्पलाइनला नाही.

आणि खरं सांगू का, चीड टेबलाची नाहीये. ‘वर्णन चुकलं, सॉरी’ एवढं म्हटलं असतं तर मी ते पापुद्र्याचं टेबल ठेवूनही घेतलं असतं कदाचित. पण नाही. बँकेत छुपा चार्ज लागला, तुमचा गैरसमज. ‘अमर्यादित’ डेटा मर्यादेला येऊन थांबला, तुमचा गैरसमज, खाली बारीक अक्षरात लिहिलंय. बारीक अक्षरांचा खरं बोलण्याशी करार झालेला दिसतो, मोठ्या अक्षरांना वाटेल ते बोलायची मुभा.

शेवटी टेबल परत करायचं ठरवलं. अ‍ॅपमध्ये कारण निवडा म्हणे: ‘वस्तू तुटलेली आहे’, ‘साइज चुकली’, ‘उशिरा आली’, ‘माझे मत बदलले’. वर्णन खोटं आहे असा पर्यायच नाही. कारण दिल्याशिवाय पुढचं बटण दाबता येईना, त्यामुळे शेवटचं निवडलं. लगेच मेसेज आला, मत बदलल्यामुळे परतीचा खर्च ग्राहकाकडे.

माझं मत जराही बदललेलं नाही.