कुठे अडलंय ते कुणाला सांगू नकोस

एफवायला अ‍ॅडमिशन झाली म्हणजे तू आता मोठा झालास. बारावीला क्लासवाल्यांनी घास भरवले ते दिवस गेले, आता फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स तिन्हीचे प्रॉब्लेम स्वतःच्या हिमतीवर दुसऱ्याकडून सोडवून घ्यायचे. ही कला आहे भावा. नाशिकच्या कॉलेज रोडला चहा पीत पीत कित्येक बॅचनी ती कमावलीये आणि कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

आधी टायमिंग. असाइनमेंट सोमवारी मिळाली आणि पुढच्या सोमवारी द्यायची असेल तर मधल्या दिवसांत तिला हात लावायचा नाही, ती बॅगेत मुरू द्यायची. रविवारी रात्री साडेअकरा वाजता ग्रुपवर फोटो टाकायचा. फोटो आडवा पाहिजे, नेमका दिलेल्या व्हॅल्यूवर तुझा अंगठा पाहिजे, वरच्या अर्ध्या भागावर ट्यूबलाइटचा चट्टा पाहिजे, आणि खाली एकच शब्द, 'अर्जंट'. प्लीज लिहू नकोस, प्लीज लिहिलं की लोकांना वाटतं वेळ आहे. दोन मिनिटांत कोणी बोललं नाही तर दोन प्रश्नचिन्हं टाकायची आणि तोच फोटो आणखी तीन ग्रुपवर सोडायचा. मग चार ठिकाणी चार जण एकच गणित सोडवत जागतात आणि तू निवांत झोपतोस, मॅनेजमेंट मॅनेजमेंट म्हणतात ती वेगळी काय असते.

आता खरा धोका. ग्रुपमध्ये एखादी आगाऊ पोरगी असतेच, ती विचारते, "तू काय केलंस ते दाखव ना, कुठे अडलंय?" इथे भले भले फसतात. वहीचं पान दाखवलंस तर तिला कळेल की फ्री बॉडी डायग्राममध्ये तू घर्षणाचा बाण उलटा काढलाय, मग ती तेवढंच सांगेल, तू तेवढंच दुरुस्त करशील आणि गणित तुला यायला लागेल. म्हणजे पुढच्या आठवड्यात विचारायला निमित्तच उरलं नाही. त्यामुळे उत्तर कायम एकच द्यायचं, "सगळंच." सगळंच अडलंय म्हटलं की समोरचा गप्प होतो आणि पूर्ण सोडवून पाठवतो.

पाठवलेलं उतरवून घेताना डोकं मध्ये आणू नकोस. परवा एकाने पाठवलेलं बघ, 30 अंशाचा उतार, घर्षणाचा म्यू 0.2, ठोकळा किती त्वरणाने खाली घसरेल. जी गुणिले कंसात साइन 30 वजा म्यू कॉस 30, दोन ओळींचं काम, 3.2 मीटर प्रति सेकंद वर्ग येतं. पण पाठवणाऱ्याचा कॅल्सी डिग्रीऐवजी रेडियनवर होता, त्यामुळे साइन 30 आलं उणे 0.988 आणि त्वरण आलं साधारण उणे 10. म्हणजे ठोकळा सोडला की आपला आपण उतार चढतो, आणि तोही वरून खाली पडणाऱ्या दगडापेक्षा जोरात. अर्ध्या वर्गाने तेच उतरवलं. मी म्हणतो का उतरवू नये? हे उत्तर वेळीच रेल्वेला कळवलं पाहिजे, कसाऱ्याहून इगतपुरीला चढताना 37 फुटांमागे 1 फूट चढ आहे म्हणून बिचारे गाडीला मागून बँकर इंजिनं लावत बसतात, उगाच खर्च. पंचवटी एक्सप्रेस नुसती सोडून द्यायची, वर येईल आपोआप.

युनिटच्या भानगडीतही पडायचं नाही. गॅसचं ते पीव्ही इज इक्वल टू एनआरटी, टीच्या, म्हणजे टेम्परेचरच्या, जागी प्रश्नात दिलंय ते 27 डिग्री सेल्सिअस तसंच टाकून मोकळं व्हायचं, त्याचे 300 केल्व्हिन करा, मग आर 8.314 घ्यायचा की 0.0821 ते बघा, एवढं सोवळं कोण पाळतो. फक्त तुझ्या हिशोबाने निफाडच्या लोकांचं अवघड आहे, तिकडे थंडीत पारा शून्याला टेकला तर टी शून्य, मग प्रेशर पण शून्य, सगळ्या ट्रॅक्टरची चाकं पहाटे एकदम बसणार. द्राक्षाला शेकोट्या करतात तशा टायरांनाही कराव्या लागतील. पण ते त्यांचं ते बघतील, तुला सबमिशनशी मतलब.

केमिस्ट्रीत तर फॉर्म्युला असला की विचार करणं हा अपमानच. दहाचा उणे आठवा घात मोलर एचसीएलचा पीएच काढा. तू लिहिणार 8. शाब्बास. म्हणजे पाण्यात अ‍ॅसिड टाकलं, टाकलं तर टाकलं आणि ते सातच्या वर जाऊन बेसिक झालं! पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन दहाचा उणे सातवा घात असतातच, ते धरले की 6.98 येतं, सातच्या किंचित खाली, हे कोणी समजावायला लागलं तर म्हणायचं, "पेपरला एवढं डीप नाही विचारत."

मॅथ्सला ते फोटो काढून सोडवणारं अ‍ॅप आहेच, ते कधी बरोबर सांगतं, कधी चूक सांगतं, पण आवाज दोन्ही वेळेला एकच असतो, मोठ्या काकांसारखा. एक भागिले एक्सचा वर्ग, उणे 1 ते 1 इंटिग्रेट कर म्हटलं की कोणीही सरळ लिमिट टाकून उणे 2 देतो, तू पण दे. तो ग्राफ सगळा एक्स अ‍ॅक्सिसच्या वर आहे, खाली एक टिंबसुद्धा नाही, मधोमध शून्यापाशी तो आभाळात जातो, एरिया मोजता येईल असा उरतच नाही, हे बघायला ग्राफ काढावा लागतो आणि ग्राफ काढायला पेन्सिल लागते. राहू दे. गंगापूर रोडला कोणी तुला उणे 2 गुंठ्यांचा प्लॉट दाखवला तर मात्र टोकन देऊ नकोस, तिथे तुझं गणित एकदम पक्कं असतं.

कॉलेजच्या सरांना विचारावं असं चुकूनही मनात आणू नकोस. ते तिसऱ्या लेक्चरनंतर स्टाफरूममध्ये रिकामे बसलेले असतात, विचारलं तर खुर्ची पुढे ओढतात, पाठकोरा कागद घेतात आणि पहिलाच प्रश्न करतात, "कुठपर्यंत आलं तुला?" पंधरा मिनिटांत सुटतं सगळं, तेही फुकट. त्यापेक्षा सिनियर बरा. त्याची स्वतःची मॅथ्सच्या एम-वन पेपरची एटीकेटी राहिलीये, त्यामुळे तो गणिताला हात लावत नाही, फक्त म्हणतो, "हे तर इझी आहे रे, बेसिक क्लिअर कर आधी." त्याच्या मिसळीचे पैसे तू द्यायचे. पुढच्या वर्षी तू पण ज्युनियरला हेच म्हणायचं आणि मिसळ खायची, वरून दोन पाव एक्स्ट्रा.

राहिलं प्रॅक्टिकल. तिथे मदत मागायची गरजच पडत नाही, जर्नल आधीच फिरत असतं. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं टायट्रेशन असेल तर फ्लास्क 60-70 डिग्रीपर्यंत गरम करायचा असतो, नाहीतर सुरुवातीला टाकलेल्या थेंबाचा रंग जाता जात नाही आणि पोरांना वाटतं एंड पॉइंट आला. तू गरम करू नकोस, बर्नरसाठी रांग असते. पहिल्या थेंबाला गुलाबी दिसलं की ब्युरेट बंद, आणि वहीत पायलट रीडिंग 10 ते 11, खाली तीन रकान्यांत 10.2, 10.2, 10.2, सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, 10.2. अख्ख्या बॅचचं तेच असतं, ज्याची ब्युरेट नळापासून गळत होती त्याचंही.