एक हात खिशात

जुना ऑसिलोस्कोप दुरुस्त करायला सगळ्यात आधी काय लागतं, तर चालू ऑसिलोस्कोप. पुण्याच्या जुन्या बाजारातल्या विक्रेत्यानं हे सांगितलं नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "घेऊन जा साहेब, टीव्हीच आहे, फक्त चॅनल लागत नाही." खोटं नव्हतं. चॅनल दोन होते, लागत एकही नव्हता.

२० मेगाहर्ट्झचं ते धूड डायनिंग टेबलवर चढलं आणि आम्ही खाली बसून जेवू लागलो.

"अहो, हे करतं काय?"

"विजेच्या लाटा दाखवतं."

"मग दाखवा की!"

कदर नाही! १८९७ साली ह्याच्या पडद्याची नळी बनवणाऱ्या ब्राउनसाहेबांनाही १९०९चं नोबेल मिळालं ते वायरलेससाठी.

अशा म्हाताऱ्या यंत्राला थेट २३० व्होल्ट द्यायचे नसतात. मध्ये सिरीज बोर्ड हवा, म्हणजे वीज आधी बल्बमधून जाऊन मग यंत्रात शिरेल असा फळा; त्यात १०० वॉटचा साधा पिवळा बल्ब. दुकानदार म्हणाला, "एलईडी घ्या, बिल कमी येईल." त्याला कसं सांगू, की मला वीज खाणाराच बल्ब हवाय? बल्ब उजळून लगेच मंद झाला तर देव पावला. लख्खच राहिला तर आत शॉर्ट. आमचा इतका लख्ख राहिला की सासूबाईंनी त्या उजेडात तांदूळ निवडून घेतले.

मल्टीमीटरवर चोर सापडला: तुरीच्या दाण्याएवढा टँटलम कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा चिमुकला भाग. तो काढला, बल्ब मंदावला आणि पडद्यावर हिरवी रेघ उमटली. पण डुलत. पॉवर सप्लायचे कपॅसिटर सुकले होते, त्यामुळे १०० हर्ट्झची लहर थेट रेघेत उतरत होती. म्हणजे पेशंट आता स्वतःचा आजार स्वतःच दाखवू लागला! तपकीर गल्लीतून १०५ डिग्रीवाले नवे कपॅसिटर आणले.

नळीला दोनेक हजार व्होल्ट असतात, म्हणून चालू यंत्रात काम करताना एक हात खिशात ठेवायचा. शॉक लागलाच तर छातीतून जायला नको. बायको म्हणाली, "घरातली बाकीची कामं दोन्ही हात खिशात घालून करता, त्यामानानं प्रगती आहे."

अखेर रेघ स्थिरावली. प्रोब, म्हणजे तपासणीच्या वायरीचं टोक, यंत्राच्याच कॅलिब्रेशनच्या (स्वतःची चाचणी घेण्याच्या) खुंटीला लावला आणि १ किलोहर्ट्झच्या चौकोनी लाटा कशा ताठ उभ्या राहिल्या! सासूबाई चष्मा लावून आल्या.

"ह्या लाटा कुठून येतात?"

"ह्याच्यातूनच."

"म्हणजे स्वतःच काढतं आणि स्वतःच बघतं?"

"हो."

"मग दुसरं काही दाखवा."

घरात दुसरं काही दाखवण्याजोगं नाही. सध्या मी लाटा काढणारा जुना फंक्शन जनरेटर शोधतोय.