म्हणे, अमेरिकेत जुन्या घरात खिळाही ठोकता येत नाही!

एक फॉरवर्ड जवळपास प्रत्येक ग्रुपवर येऊन गेलंय. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर साधारण असा: "अमेरिकेचा इतिहास जेमतेम अडीचशे वर्षांचा, घरं लाकडाची आणि पुठ्ठ्याची. तरी घर पन्नास वर्षांचं झालं की सरकारच्या यादीत जातं. मग मालकाला खिळा ठोकायलाही परवानगी लागते, डागडुजीचा खर्च सरकार करतं आणि असं घर पाडायची कुणाची छाती होत नाही. आणि आपण? पेशवाईतले वाडे पाडून टॉवर बांधतो!"

वाडे पाडले जातात हे खरंच आहे, त्यावर वाद नाही. पण त्या एका खऱ्या वाक्यासाठी आधीची सगळी वाक्यं चुकीची लिहायची काही गरज नव्हती. एकेक घेऊ.

"इतिहास अडीचशे वर्षांचा"

१७७६ साली स्थापन झाला तो देश. माणसं त्याआधी हजारो वर्षं तिथे राहत होती. न्यू मेक्सिको राज्यातल्या ताओस पुएब्लो या मूळनिवासी वस्तीतली मातीची बहुमजली घरं जवळपास हजार वर्षं वस्तीची आहेत, आजही काही कुटुंबं तिथे राहतात आणि भिंतींना वरचेवर मातीचा नवा गिलावा देतात. कोलोरॅडोत मेसा वर्डेला कड्यांच्या कपारीत बांधलेली दगडी घरं बहुतेक तेराव्या शतकातली. आपल्याकडे देवगिरीला यादव राज्य करत होते तो काळ. हा मुद्दा इथेच संपतो.

"घरं लाकडाची, म्हणून टिकत नाहीत"

हे वाक्य पुण्याचा माणूस जेव्हा पुढे पाठवतो तेव्हा मला खरंच गंमत वाटते. वाड्याचा सांगाडा कशाचा असतो? खांब, तुळया, कडीपाट, सगळं लाकूडच. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला आणि मागे दगडी तट आणि जोती राहिली, ती आत लाकूडकाम होतं म्हणूनच.

मॅसॅच्युसेट्समधल्या डेडहॅम गावी फेअरबँक्स कुटुंबाचं घर आहे. लाकडाच्या वाढीच्या कड्या मोजून झाड कधी तोडलं ते काढता येतं. त्या हिशेबाने या घराचं लाकूड १६३७ ते १६४१ च्या दरम्यानचं निघालं. म्हणजे ते उभं राहिलं तेव्हा शिवाजी महाराज लहान होते आणि शनिवारवाड्याची पायाभरणी व्हायला नव्वदेक वर्षं बाकी होती. त्याच घराण्याच्या आठ पिढ्या तिथे राहिल्या. आता ते घराण्याच्याच संस्थेच्या ताब्यात आहे आणि बघायला मिळतं.

आज तिथे वसाहतीच्या वसाहती उभ्या राहतात त्या घरांचं तंत्र वेगळं. पातळ लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि आतून जिप्समचे तक्ते. त्याला पुठ्ठा म्हणायचं तर म्हणा, पण ते माप तीनशे वर्षांपूर्वीच्या ओकच्या तुळईला लावू नका. आणि काँक्रीट म्हणजे अभय असंही नाही. लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडीना गावात १९०७ मध्ये एक काँक्रीटचं घर बांधलं गेलं. शिकागोतल्या १९०३ च्या भीषण नाट्यगृह-आगीतून मालकीण वाचली होती, म्हणून घर मुद्दाम अग्निरोधक हवं होतं. पुढे झेन ग्रे नावाच्या लेखकाने ते घेतलं आणि त्याच्याच नावाने ते ओळखलं जाऊ लागलं. जानेवारी २०२५ च्या वणव्यात ते घर जळलं.

"पन्नास वर्षं झाली की सरकारी यादीत"

आपोआप काहीच जात नाही. १९६६ च्या राष्ट्रीय वारसा कायद्याने एक राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. पन्नास वर्षं ही तिच्यातली उंबरठ्याची अट. त्यानंतर घराचं महत्त्व कागदोपत्री सिद्ध करावं लागतं. एखादी घटना, एखादी व्यक्ती, स्थापत्याचा एखादा नमुना, काहीतरी दाखवावं लागतं. आणि १९८० च्या दुरुस्तीनंतर खासगी मालकाने लेखी हरकत घेतली तर नोंद होत नाही.

आता फॉरवर्ड लिहिणाऱ्याला बहुतेक ठाऊकच नसलेली गोष्ट. नोंद झाल्यावरही मालकावर केंद्र सरकारचं बंधन जवळपास शून्य. सरकारी पैसा किंवा केंद्राची परवानगी गुंतलेली नसेल तर तो रंग बदलू शकतो, मजला चढवू शकतो आणि सरळ पाडूही शकतो. माँटाना राज्यात व्हाइटफिश गावी फ्रँक लॉइड राइट या विख्यात अमेरिकन वास्तुरचनाकाराने रेखाटलेला एक दवाखाना होता. तो २०१२ मध्ये नोंदवहीत गेला आणि जानेवारी २०१८ मध्ये पाडला गेला. कायद्याचा भंग कुठेही झाला नाही.

कायदा बांधून ठेवतो तो सरकारी खात्यांनाच. केंद्राच्या पैशातून रस्ता किंवा पूल होणार असेल, तर वाटेतल्या वारसा वास्तूंवर काय परिणाम होईल याचा आधी विचार करा, सल्लामसलत करा, असं तो सांगतो. विचार करा एवढंच, वाचवाच असं नाही.

"खिळा ठोकायला परवानगी"

बंधनं आहेत, पण ती वॉशिंग्टनहून येत नाहीत. ती येतात गावाच्या नगरपालिकेकडून. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनने १९३१ मध्ये जुन्या शहराचा एक भाग वारसा क्षेत्र म्हणून आखला आणि बाहेरच्या बदलांवर नजर ठेवायला मंडळ नेमलं. देशातला तो पहिलाच असा नियम. न्यूयॉर्कला हे शहाणपण उशिरा आलं. १९६३ पासून पेन स्टेशनची भव्य इमारत पाडायला घेतली, लोक हळहळले आणि १९६५ मध्ये शहराचा कायदा झाला. त्याच वर्षी ब्रुकलिन हाइट्स ही पेठ शहरातलं पहिलं वारसा क्षेत्र ठरली.

या नियमांचा रोख घराच्या बाहेरच्या अंगावर असतो, त्यातही रस्त्यावरून दिसणाऱ्या भागावर. न्यूयॉर्कमध्ये तर घराचा अंतर्भाग संरक्षित ठरवताच येत नाही. त्यासाठी ती जागा लोकांना खुली असावी लागते. तेव्हा आत खिळे ठोका, भिंत काढा, स्वयंपाकघर दिवाणखान्याला जोडा, वारसावाले सहसा अडवणार नाहीत.

सगळ्यात जास्त भांडणं होतात खिडक्यांवरून. जुनी अमेरिकन खिडकी वर-खाली सरकते. चौकटीच्या दोन्ही बाजूंना आत पोकळी असते. त्या पोकळीत ओतीव लोखंडाचं वजन दोरीला टांगलेलं असतं आणि दोरी वरच्या कप्पीवरून येऊन झडपेला बांधलेली असते. वजन आणि झडप तोलून धरलेली, म्हणून खिडकी हलक्या हाताने वर जाते आणि सोडाल तिथे थांबते. काच बसवायला अळशीच्या तेलातली लांबी, म्हणजे पुट्टी. दोरी तुटली तर दोरी बदलायची, लांबी वाळून निघाली तर खरवडून नवी भरायची. लाकूड जुन्या जंगलातलं, सावकाश वाढलेलं, कड्या इतक्या दाट की निगा राखली तर शंभर वर्षं सहज जातात. मालक येतो आणि म्हणतो, थंडी आत येते, मला प्लॅस्टिकच्या दुहेरी काचेच्या खिडक्या हव्यात. मंडळ म्हणतं, आहे ती दुरुस्त करा, फटी बुजवा आणि बाहेरून जादा काचेची झडप लावा. माझं मत मंडळाच्या बाजूने. त्या दुहेरी काचेचं सील गेलं की दोन काचांच्या मधोमध वाफ धरते आणि ती पुसायला हात कुठून घालणार? सगळा संचच बदलावा लागतो. पण ज्याला हिवाळ्यातलं गॅसचं बिल भरायचंय त्याला हे पटवणं अवघड, हेही कबूल.

आता खिळ्याची दंतकथा आली कुठून? माझा अंदाज सांगतो. न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये राहणाऱ्या आपल्या माणसांना कुंपणाची उंची, दाराचा रंग, टपालपेटीचा आकार यावरून नोटिसा येतात हे खरं आहे. पण त्या येतात घरमालकांच्या खासगी संघाकडून. घर विकत घेतानाच त्याच्या नियमांवर सही केलेली असते आणि ते घर बऱ्याचदा वीस वर्षांचंही नसतं. वारशाशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

"खर्च सरकार करतं"

हे सगळ्यात चुकीचं वाक्य, म्हणून इथे जरा थांबू.

देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन. त्याचं माउंट व्हर्नन हे घर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मोडकळीला आलं होतं. वारसाला ते विकायचं होतं. केंद्र सरकारने घेतलं नाही, व्हर्जिनिया राज्यानेही नाही. शेवटी ॲन पामेला कनिंगहॅम या बाईंनी १८५३ मध्ये बायकांची एक संघटना उभी केली, घरोघर वर्गणी काढली आणि १८५८ मध्ये दोन लाख डॉलरला घराचा सौदा केला. बायकांना मतदानाचा हक्क मिळायला अजून साठेक वर्षं होती. आजही घर त्याच संघटनेकडे आहे आणि ते चालतं तिकिटांवर, देणग्यांवर.

त्या घराच्या भिंती लांबून दगडी वाटतात. जवळ गेलं की कळतं, पाइनच्या फळ्या आहेत. कडा तिरक्या तासून फळीवर दगडी चिऱ्यांचा भास आणलाय आणि रंग ओला असतानाच वर वाळू फेकलीय. बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. पुन्हा रंगवायची वेळ आली की हीच वाळू फेकायची पद्धत पाळायची, आणि त्याचं बिल त्या संघटनेच्या नावावर.

उलट उदाहरण हवं तर फ्लोरिडातलं मार-अ-लागो. मार्जोरी मेरिवेदर पोस्ट या धनाढ्य बाई १९७३ मध्ये वारल्या. राष्ट्राध्यक्षांना हिवाळ्यात राहायला जागा व्हावी म्हणून त्यांनी घर सरकारच्या नावे करून ठेवलं होतं. सरकारला देखभाल परवडेना. १९८१ मध्ये ते त्यांच्या प्रतिष्ठानाला परत करण्यात आलं. १९८५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी ते विकत घेतलं. फुकट मिळालेलं घर सरकारने परत दिलं, यावर वेगळं काय बोलायचं!

मग सरकारी मदत काहीच नाही का? आहे, करसवलतीच्या रूपाने. नोंदवहीतली इमारत ठरावीक निकष पाळून दुरुस्त केली तर खर्चाच्या २० टक्के रक्कम केंद्रीय करातून वजा होते, तीही पाच वर्षांत विभागून. अट अशी की इमारत उत्पन्न देणारी हवी: भाड्याची घरं, दुकान, हॉटेल. स्वतःच्या राहत्या घराला ही सवलत लागूच नाही. मेरीलँडसारखी काही राज्यं राहत्या घरांना आपल्यापुरती सवलत देतात, बाकी ठिकाणी मालक आणि त्याचं पाकीट.

ज्यांच्या पाकिटात काहीच नव्हतं त्यांची घरं बहुतेक गेली. कृष्णवर्णीयांचा इतिहास सांगणारी घरं नोंदवहीत इतकी कमी का, याचं एक कारण हेही. गायिका नीना सिमोन १९३३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या ट्रायॉन गावी तीन खोल्यांच्या एका लाकडी घरात जन्मली. ते घर मोडकळीला येऊन विक्रीला निघालं होतं. २०१७ मध्ये चार कृष्णवर्णीय कलावंतांनी मिळून ९५ हजार डॉलरला घेतलं, म्हणून राहिलं.

"पाडायची छाती होत नाही"

रिचर्ड नॉयट्रा हा विसाव्या शतकातला नामांकित वास्तुरचनाकार. कॅलिफोर्नियाच्या रँचो मिराजमध्ये १९६२ साली त्याने बांधलेलं मॅस्लन यांचं घर २००२ मध्ये विकलं गेलं आणि महिन्याभरातच, रीतसर परवाना घेऊन, जमीनदोस्त झालं. शिकागोत महत्त्वाच्या म्हणून नोंदलेल्या बऱ्याच जुन्या इमारतींना संरक्षण काय, तर पाडण्याचा अर्ज आल्यावर ९० दिवस थांबायचं. तेवढ्यात कुणी वाचवली तर वाचवली.

आणि सरकार स्वतः? पन्नास-साठच्या दशकांत शहर सुधारणेच्या आणि महामार्गांच्या नावाखाली वस्त्याच्या वस्त्या उठवल्या गेल्या. डेट्रॉइटमधली ब्लॅक बॉटम ही कृष्णवर्णीयांची पेठ तशीच गेली. १९६६ चा कायदा आला तो बऱ्याच अंशी हे बघूनच. त्या कायद्यातूनही व्हाइट हाउस, सर्वोच्च न्यायालय आणि संसद भवन मुद्दाम वगळलेलं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हाइट हाउसची पूर्वेकडची जोडइमारत (ईस्ट विंग) यंत्रं लावून पाडली, ते सगळ्या जगाने पाहिलं. त्याआधी ट्रुमन यांच्या काळात, १९४९ ते १९५२, बाहेरच्या भिंती ठेवून आतलं सगळं काढलं होतं आणि पोलादी सांगाडा उभा केला होता. अमेरिकेतलं सगळ्यात प्रसिद्ध घर आतून आपल्या सत्तर वर्षांच्या सोसायट्यांहून फार जुनं नाही!

"आणि आपण?"

आपल्याकडे नियमच नाहीत असा या फॉरवर्डचा सूर आहे. मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली केली, भारतातली पहिली. श्रेणी ठरल्या, समिती आली, आणि ज्याला इमारत वाढवता येणार नाही त्या मालकाला टीडीआर, म्हणजे न वापरलेले बांधकामाचे हक्क दुसऱ्या जागी वापरायची किंवा विकायची मुभा, द्यायची तरतूदही आली. हक्क दुसरीकडे वळवण्याची ही कल्पना न्यूयॉर्कने साठच्या दशकातच वापरात आणली होती. ग्रँड सेंट्रल स्टेशनवर टॉवर बांधू दिला नाही म्हणून मालक कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. १९७८ मध्ये निकाल सहा विरुद्ध तीन असा शहराच्या बाजूने लागला. न वापरलेले बांधकामाचे हक्क कंपनी आजूबाजूच्या भूखंडांवर वापरू शकते, हा मुद्दाही तिथे विचारात घेतला गेला.

वाडा पडतो त्यामागे एकाच जागेवर दहा वाटेकरी असतात, नाममात्र भाड्यावर बसलेले भाडेकरू असतात आणि बिल्डरने दाखवलेला एफएसआय, म्हणजे त्याच जागेवर जास्त बांधकामाचं आमिष, असतो. यातल्या एकाचंही उत्तर अमेरिकेच्या नोंदवहीत नाही. चार्ल्सटनच्या मंडळात आणि माउंट व्हर्ननच्या वर्गणीत मात्र शिकण्यासारखं थोडंफार आहे. पण ते फॉरवर्ड करायला जरा लांबलचक पडतं.