भीड जपा, पैसा आपोआप जाईल

श्रीमंत कसं व्हावं हे सांगणाऱ्यांचा सध्या सुकाळ आहे. मोबाईल उघडला की पंचविशीतलं एखादं पोरगं भाड्याच्या गाडीला टेकून पहाटे साडेचारला उठायला सांगतं. मला ती विद्या येत नाही. मला येते ती उलटी : बरा पगार, बरं डोकं आणि तीस वर्षांची नोकरी असूनही निरोप समारंभाच्या संध्याकाळी हातात शाल, श्रीफळ आणि थोडी काळजी एवढंच कसं उरेल याची. आपल्या घराघरांत ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, पण ती कुणी नीट लिहून ठेवलेली नाही. म्हणून हा खटाटोप.

सगळं शास्त्र एका नियमावर उभं आहे. पैशाचा विषय निघाला की समोरच्याला काही विचारायचं नाही. भाजीवालीला विचारा, कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच मिनिटं घाला, रिक्षावाल्याशी दोन रुपयांवरून तत्त्वाचं भांडण करा. त्याने मन मोकळं होतं. पण रकमेला पाच शून्यं लागली की गप्प बसायचं. तिथे विचारणं बरं दिसत नाही.

सुरुवात पहिल्या पगारापासून करावी. पहिला पगार झाला की आई पेढे वाटते, आणि पेढ्यांपाठोपाठ आठवडाभरात एक काका येतात. ते आईच्या चुलतबहिणीचे यजमान असतील नाहीतर बाबांच्या ऑफिसातले जुने सहकारी. तुमच्या मुंजीला त्यांनी पाट-पाणी केलेलं असतं आणि हे ते पहिल्या दोन मिनिटांत काढतात. मग बॅगेतून विमा पॉलिसीचा छापील तक्ता निघतो.

"वर्षाला फक्त पन्नास हजार. वीस वर्षं. आणि हातात किती? सतरा लाख!"

इथे फोनवरचा कॅल्क्युलेटर काढलात तर सगळं मुसळ केरात. दहा लाख भरायचे आणि सतरा लाख घ्यायचे, म्हणजे सात लाख फुकट, एवढा पाचवीच्या गणिताचा हिशेब करून थांबायचं. पुढे गेलात तर कळेल की हा परतावा वर्षाला पाच टक्क्यांच्याही आतच पडतो. तेच पन्नास हजार दर वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला पीपीएफमध्ये टाकले, पंधरा वर्षांनी खातं आणखी पाच वर्षं वाढवून घेतलं आणि एप्रिल २०२० पासून चालत आलेला ७.१ टक्क्यांचा दर तसाच राहिला, तर वीस वर्षांनी बावीस लाखांच्या वर होतात. मधले पाच लाख ही मुंजीतल्या पाट-पाण्याची किंमत समजा. मुंज परत होणार नाही.

शिवाय पीपीएफवर विश्वास ठेवायचा तरी कसा? योजना १९६८ची, मागे सरकार, व्याजावर कर नाही, हे सगळं ठीक. पण तिच्यासाठी घरी कुणी येत नाही. दिवाळीला डायरी नाही, जानेवारीत कॅलेंडर नाही. ज्या योजनेचं कॅलेंडर स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी लटकत नाही, तिच्यात मराठी माणसाने आयुष्याची कमाई घालावी का?

एखादा आगाऊ भाचा म्हणेल की विमा हवा तर नुसता टर्म विमा घ्या. तिशीतल्या, सिगारेट न ओढणाऱ्या माणसाला वर्षाला दहा-पंधरा हजारांत एक कोटीचं संरक्षण मिळतं. त्याला खणखणीत आवाजात विचारा, "आणि नाही मेलो तर?" या प्रश्नाला आजपर्यंत कुठल्याही भाच्याला उत्तर सापडलेलं नाही. जिवंत राहून पैसे बुडवण्यापेक्षा काकांची पॉलिसी बरी. तीत तुमच्या पश्चात घरच्यांना आठ-दहा लाख मिळतील. घराचा हप्ता, मुलीचं कॉलेज आणि आईची औषधं धरून दीड-दोन वर्षं निघतील. पुढचं काका बघतील.

पॉलिसी घरी आली की एक धोका असतो. कागद वाचून पटलं नाही तर तीस दिवसांच्या आत ती परत करता येते, हा नियम आहे. तेव्हा ते तीस दिवस पाकीट उघडायचं नाही. देवापुढे ठेवावं, हळदकुंकू वाहावं आणि तडक कपाटात, पैठणीच्या खाली.

आणि एकीवर थांबू नये. दर मार्चमध्ये एक घ्यावी. ऑफिसातून करवजावटीच्या ऐंशी-सी कलमाच्या पावत्या मागणारी मेल आली की लोक जशी धावाधाव करतात, तशी वर्षभरात दुसऱ्या कशासाठीही करत नाहीत. आता नवी करप्रणाली आली, तीत ही वजावटच मिळत नाही, आणि २०२५-२६ पासून तीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करही लागत नाही. पण परंपरा म्हणून काही असतं की नाही? कर वाचवायला घेतलेली पॉलिसी कर नसतानाही घेत राहणं यालाच निष्ठा म्हणतात.

सोन्याबद्दल मी फार लिहीत नाही, घरात राहायचं आहे. एवढंच लक्षात ठेवा की सोनं विकत घेताना ती गुंतवणूक असते आणि विकायची वेळ आली की भावना. घडणावळ किती टक्के हे सराफाला विचारू नये. तीन पिढ्यांचे संबंध आहेत, त्याने कोकम सरबत दिलेलं आहे.

ठेव ठेवायची तर आपल्या माणसांच्या पतसंस्थेत. बँकेपेक्षा दोन-तीन टक्के जास्त, भिंतीवर कुलदैवताचा फोटो, शेजारी उद्घाटनाला आलेल्या मंत्र्यांचा आणि चेअरमन आपल्याच आळीतले. बँकांमधल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत विमा असतो, फेब्रुवारी २०२० पासून. आधी तो एकच लाख होता. पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा नाही. पण हे चेअरमनसाहेबांना विचारणार कोण, आणि कुठल्या तोंडाने? गणपतीत तुमच्या हस्ते आरती झालेली. जळगावात 'बीएचआर' पतसंस्थेचे ठेवीदार वर्षानुवर्षं हेलपाटे घालत राहिले, बीडला 'ज्ञानराधा मल्टिस्टेट'च्या ठेवीदारांवर तीच पाळी आली. त्यातल्या कित्येकांनी निवृत्तीची सगळी रक्कम एका ठिकाणी ठेवली होती, कारण थोडी ठेवली असती तर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं.

विमा असला तरी मजा कमी होत नाही, काळजी नको. सप्टेंबर २०१९मध्ये पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा खातेदारांना पहिल्या दिवशी कळलं की सहा महिन्यांत मिळून एक हजार रुपये काढता येतील. मर्यादा नंतर वाढली. पण जे खातेदार त्या दिवशी बँकेच्या दारात उभे होते त्यांच्या घरात आजही कुणी 'सगळं एकाच जागी ठेवा, सोपं पडतं' म्हणत नाही. अशा घरांपासून मुलांना दूर ठेवा, वाईट सवयी लागतात.

ज्यांना याहून वेगाने जायचं आहे त्यांच्यासाठी कोंबडी आहे. सांगली जिल्ह्यात इस्लामपूरच्या एका कंपनीने कडकनाथ कोंबड्यांची योजना आणली होती. पिसं काळी, मांस काळं, मूळ मध्य प्रदेशातल्या झाबुआचं. पक्षी आम्ही देऊ, अंडी आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ. शेतकऱ्यांनी शेडं बांधली, कर्जं काढली. ही अंडी शेवटी खाणार कोण, आणि त्या भावाने, एवढा एकच प्रश्न विचारायचा होता. तो विचारला असता तर गावात काय तोंड राहिलं असतं? शेजाऱ्याने दोन युनिटं घेतलेली. २०१९ साली कंपनी बसली आणि पक्षी शेतकऱ्यांच्या गळ्यात राहिले, खाद्याच्या बिलासकट.

तेव्हा मुंबईतले लोक हसले होते, हे मला आठवतं. गावाकडचे लोक भोळे, वगैरे. जानेवारी २०२५मध्ये दादरला 'टोरेस'च्या दुकानासमोर जी गर्दी उसळली ती शहरातलीच होती. तिथे कोंबडी नव्हती, मॉइसनाइट नावाचे चमकणारे कृत्रिम खडे होते, आणि परतावा दर आठवड्याला. आठवड्याला! वर्षाचा व्याजदर काढून बघायचं कुणी म्हणालं नाही, कारण पहिल्या काही आठवड्यांचे पैसे खरंच खात्यात जमा होत होते आणि ज्या वहिनींनी नाव घालायला सांगितलं त्यांनी नुकतीच स्कूटी घेतली होती. दोन्हींची तुलना करायची तर माझं मत इस्लामपूरच्या बाजूने. कोंबडी निदान खाता तरी येते.

हे सगळं जुनाट वाटत असेल तर शेअर बाजारातले फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे भाव वर जाईल की खाली यावरचे सौदे, आहेतच. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने २०२४मध्ये तीन वर्षांचा हिशेब मांडला : एक कोटीहून जास्त व्यक्तिगत ट्रेडर, त्यातल्या ९३ टक्क्यांना तोटा, सरासरी माणशी सुमारे दोन लाख. दहावीचा निकाल सात टक्के लागला तर पालक शाळेला कुलूप ठोकतील. इथे मात्र टेलिग्रामच्या ग्रुपवर हात जोडलेली इमोजी टाकून दुसऱ्या दिवशी पुन्हा सव्वानऊला हजर राहायचं असतं, कारण ग्रुपवाले सर स्वतः त्या सातांतले आहेत. असं ते स्वतःच सांगतात. त्यांचा स्टेटमेंटचा कागद मागणं हा गुरूचा अपमान होईल.

क्रेडिट कार्डाचं फक्त एकच गुपित सांगतो : बिलावर 'किमान देय रक्कम' नावाची जी प्रेमळ ओळ असते, तेवढीच भरायची. चाळीस हजार थकले तर ती साधारण दोन हजार असते. महिन्याला साडेतीन टक्क्यांनी त्या चाळीस हजारांवर चौदाशे व्याज, त्यावर अठरा टक्क्यांनी अडीचशे जीएसटी. म्हणजे दोन हजारांतले साडेतीनशे रुपये प्रत्यक्ष कर्जात वळते होतात. वर्षाला बेचाळीस टक्के व्याज गावातल्या सावकाराने लावलं असतं तर त्याच्यावर मोर्चा गेला असता. इथे आपल्याला वर विमानतळावर फुकट कॉफी मिळते.

आता घर. पन्नास लाखांचं कर्ज, वीस वर्षं, साडेआठ टक्के; हप्ता ४३,४०० रुपयांच्या घरात. वीस वर्षांत नुसतं व्याज चोपन्न लाख, म्हणजे एक घर तुमचं आणि एक बँकेचं. तरंगत्या दराच्या गृहकर्जात मधेच जादा पैसे भरले तर बँकेला दंड लावता येत नाही, आणि दर वर्षी एक हप्ता जादा भरला तर कर्ज साधारण साडेतीन वर्षं आधी संपतं. हे वाचून विसरा. दिवाळीचा बोनस हा सोफ्यासाठी असतो. कर्ज लवकर फेडून टाकलं तर पाहुणे येऊन बसणार कशावर?

मुलीच्या लग्नात तर हात आखडायचाच नाही. ऋण काढून सण करणाऱ्यांच्या घराण्यातले आपण. हॉल किती पानांचा हवा हे आपल्या खिशावरून ठरवायचं नाही, व्याह्यांच्या धाकट्या भावाने मागच्या वर्षी घेतलेल्या हॉलवरून ठरवायचं. जेवून गेलेल्या सहाशेंपैकी पाचशेजण गाडीत बसता बसता मठ्ठा पातळ होता म्हणतील, पण हॉल छोटा होता असं म्हणायला त्यांना तोंड राहणार नाही.

उसने द्यायचे ते तोंडी, लिहून घेणं म्हणजे नात्यात व्यवहार आणणं. परत मागायचे नाहीत. ज्याला दिले त्याने वर्षभरात नवी गाडी घेतली, तर पेढे घेऊन बघायला जायचं आणि 'मायलेज किती देते?' एवढंच विचारायचं. तो म्हणेल, "दादा, तुमचं आहे माझ्या लक्षात." त्या वाक्यावर पुढची तीन वर्षं काढता येतात.

एवढं सगळं करूनही काही पैसा चुकून उरतोच. माणूस पुरा निष्काळजी राहू शकत नाही; कुठे एखादी एफडी, कुठे जुने शेअर, कुठे पोस्टातलं खातं. त्याची व्यवस्था अशी की घरात कुणाला सांगायचं नाही. बायकोने विचारलं तर 'तुला काय करायचंय, मी आहे ना' हे उत्तर द्यावं; ते तुम्ही असेपर्यंत बरोबरच असतं. नॉमिनीच्या रकान्यात लग्नाआधी वडिलांचं नाव घातलं होतं ते तसंच राहू द्यावं, त्यांना जाऊन बारा वर्षं झाली तरी. मृत्युपत्राचा विषय काढणाऱ्याला 'अभद्र बोलू नकोस' म्हणून गप्प करावं.

फक्त एका गोष्टीपासून सावध राहा. दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा करतात. तिथून वारसांना मागता येऊ नयेत अशी आपली इच्छा, पण २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेने 'उद्गम' नावाचं पोर्टल काढलं आहे. त्यावर नाव टाकलं की कुठल्या बँकेत बेवारस पैसे पडलेत ते शोधता येतं. तुमची मुलं शिकलेली आहेत, कधीतरी रविवारी बसतील शोधायला. म्हणून एका बँकेत 'कुलकर्णी' लिहा, दुसऱ्या बँकेत 'कुळकर्णी', आधारवर वडिलांचं नाव मधे घाला आणि पॅनवर नुसतं आद्याक्षर ठेवा. बसू देत त्यांना.