आधी फळ, मग रंग: ‘ऑरेंज’ शब्दाची खरी वाट

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीकडे आंबियाचा, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या बहराचा, संत्रा तोडणीला आला की मोबाईलवर हा मेसेज फिरू लागतो: “ऑरेंज हे मुळात रंगाचं नाव, फळाला नंतर मिळालं. इंग्रजांनी ‘अ नॉरेंज’चं चुकून ‘ॲन ऑरेंज’ केलं. आणि शब्द गेला आपल्या नागपुरी संत्र्यावरून.” तिन्ही गोष्टी चूक आहेत.

इंग्रजीत फळाचं नाव १४व्या शतकापासून सापडतं; रंगासाठी तोच शब्द १६व्या शतकात आला. त्याआधी या रंगाला ‘पिवळालाल’ म्हणायचे. तिकडच्या रॉबिन पक्ष्याची छाती चक्क नारिंगी, पण नाव ‘रेडब्रेस्ट’, तांबड्या छातीचा. कारण नाव पडलं तेव्हा या रंगाला वेगळा शब्दच नव्हता. आणि रंगावरून फळ ओळखायचं तर ऑक्टोबरातला आंबिया बघा: साल हिरवी, आत फोडी रसाने भरलेल्या. रात्री गार होईपर्यंत सालीतलं हरितद्रव्य जात नाही. म्हणून त्याला कोणी संत्रा म्हणायचं थांबतं का?

‘न’ गळाला हे खरं, पण इंग्रजीत नाही. संस्कृत ‘नारंग’, फारसी ‘नारंग’, अरबी ‘नारंज’, स्पॅनिश ‘नारांखा’ इथपर्यंत ‘न’ शाबूत आहे. इटालियन ‘अरान्चा’ आणि जुन्या फ्रेंचमधल्या ‘ओरेंज’मध्ये तो गेला. तिथे ‘एक’ या अर्थाच्या शब्दाच्या शेवटीही ‘न’ येतो, त्यात फळाचा ‘न’ मिसळला. इंग्रजीने घेतला तो हा फ्रेंच शब्द, ‘न’ गळालेलाच. गैरसमजाचं कारणही समजण्यासारखं आहे: कपड्यांवर बांधायच्या ‘एप्रन’चं जुनं नाव ‘नेप्रन’, त्याचा ‘न’ मात्र इंग्रजीतच गळाला.

नागपूरचा अभिमान रास्त आहे, २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण नागपुरात हे झाड रघुजी भोसल्यांनी १८व्या शतकात आणल्याचं सांगतात; इंग्रजी शब्द तोवर चारशे वर्षं जुना होता. शिवाय तो शब्द आधी ज्या फळासाठी होता ते कडू-आंबट, जाड सालीचं. आपला संत्रा म्हणजे मँडरिन, साल सैल, नखाने सुटणारी. जात वेगळी.

अभिमान वाटायचाच तर ‘नारंग’चा वाटावा. तो संस्कृतात द्राविड भाषांतून आला असावा, असं अभ्यासक मानतात. मल्याळममध्ये ‘नारंगा’ म्हणजे आजही लिंबू. आणि आपण त्या रंगाला नारिंगी म्हणतो, तेही फळावरूनच.